देवघरातला फ्लोट

प्रत्येक यंत्राला आत्मा असतो, आणि मोटारीचा आत्मा तिच्या कार्बोरेटरमध्ये वास करतो.

हे वाक्य मी भंडाऱ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये हयातभर गिऱ्हाइकांना ऐकवलं. ते खरं आहे की नाही याचा तपास मी कधी केला नाही. त्याचा उपयोग एवढाच, की ते ऐकल्यावर बॉनेटवर वाकलेला माणूस दोन पावलं मागे सरतो आणि मिस्त्रीला काम करू देतो. नुसतं ‘कचरा अडकला आहे’ म्हटलं, तर तोच माणूस पेचकस मागतो.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. नव्या गाड्यांत तो नसतो. तिथे संगणक पेट्रोल मोजून फवारतो, आणि तो बिघडला की त्याच्याशी दुसरा संगणक बोलतो. मिस्त्री दोघांच्या मध्ये पाहुण्यासारखा उभा असतो. कार्बोरेटर गेले आणि मी निवृत्त झालो. आधी कोण गेलं, हे नक्की सांगता येणार नाही.

तर कार्बोरेटर ही इंजिनाची स्वयंपाकीण. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ती पाहते. तिच्यात एक वाटी असते, त्या वाटीत थोडं पेट्रोल साठतं. ते किती चढू द्यायचं हे फ्लोट ठरवतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा गोळा असतो ना, तोच हा. फक्त लहान आणि पितळेचा. पेट्रोल चढलं की तो तरंगत वर येतो आणि तोटी बंद करतो. वाटीतलं पेट्रोल पुढे जातं ते जेटमधून. जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, मधून आरपार भोक. भोक मोठं असेल तर गाडी जास्त पिते आणि काळा धूर सोडते. लहान असेल तर उपाशी राहते आणि चढावर खोकते. या भोकाचं माप जमवण्याला आम्ही जेटिंग म्हणतो. जमलं की नाही ते प्लग काढून पाहायचं. प्लगचं टोक काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त, चुन्यासारखं पांढरं असेल तर कमी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर आपण चहा प्यायला मोकळे.

हे सगळं अवघड नाही. अवघड असतं ते आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते शोधणं.

आमच्याकडच्या एका पुढाऱ्याची जीप दसऱ्यानंतरच्या प्रत्येक मिरवणुकीत बंद पडायची. विरोधकांनी टाकीत साखर टाकली, असा त्यांचा पक्का समज. मी कार्बोरेटर उघडला तर हवेच्या बारीक भोकांत कुंकू बसलेलं. दसऱ्याला गाडीची पूजा होते, ती सगळेच करतात. यांच्या मातोश्री मात्र एअर फिल्टर काढायला लावून थेट कार्बोरेटरच्या घशात हळद-कुंकू वाहत. “जेथून थे श्वास घेते, तेथंच तं लावलं पाह्यजे,” असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात शास्त्रीयदृष्ट्या खोट काढायला जागा नव्हती. मी साहेबांना म्हटलं, आईंना एवढं एकदा सांगा. साहेबांनी तोवर तीन पक्ष सोडले होते, पण आईला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. जीप दर दसऱ्यानंतर माझ्याकडे येत राहिली.

पण सांगायचं आहे ते मालतीबाईंच्या गाडीचं.

मालतीबाई भंडाऱ्यातल्या एका जुन्या मालगुजार घराण्याच्या सूनबाई. आता स्वतःच सासू. मालगुजारी केव्हाच गेली, पण सासऱ्यांनी हौसेने घेतलेली विलायती गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. त्या कंपनीचे भक्त चुका काढणारी पत्रं पाठवतात. गाडी कित्येक वर्षं बंद होती. मालतीबाईंचे चिरंजीव विलासराव नागपूरला असतात. ते तिला गाडी म्हणत नसत, ‘हेरिटेज’ म्हणत. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी हे हेरिटेज नागपूरच्या एका लग्नाच्या लॉनवाल्याला द्यायचं ठरवलं. इंजिन काढून टाकायचं, आत रंगीत दिवे लावायचे आणि नवरा-नवरीने तिच्यात बसून फोटो काढायचे, अशी योजना होती.

मी शेडमध्ये गाडी पाहायला गेलो, तेव्हा मायलेकांचं हेच चाललं होतं.

“आई, तिथं ती रोज लोकांसमोर राहील. सन्मान आहे तो.”

“इंजिन काढून?”

“इंजिन तसंही बंदच आहे ना.”

“तुझे बाबाही शेवटी शेवटी बंदच होते. त्यांले काही मी लॉनवर नेऊन ठेवलं नाई.”

विलासरावांनी मग तोडगा काढला. मालतीबाईंचं माहेर लाखांदूरचं. भाऊबीजेला गाडी स्वतःच्या इंजिनावर लाखांदूरला मामाच्या दारात गेली, तर ठेवायची. वाटेत टोचन लावून ओढावी लागली, तर विकायची. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टरकडे इस्टेटीचे वारस पाहतात.

“मंजूर,” मालतीबाई म्हणाल्या. “मिस्त्री, तुमी साक्षीदार.”

मी मिस्त्री म्हणून आलो होतो आणि साक्षीदार झालो. दोन्ही कामांत हात काळे होतात.

विलासराव गेल्यावर मी बॉनेट उघडलं. मालतीबाई खुर्ची टाकून बसल्या.

“या गाडीत मी नवरी होऊन आली, मिस्त्री. त्याच्यानंतर बसलीच नाई. मामाजी, माझे सासरे, म्हणत, बायका बसल्या का सीट खराब होते. दर भाऊबीजेला माझा भाऊ शंकर मले घ्यायला येत होता, धानाच्या ट्रकात. अन् या शेडपुढं उभा राहून विचारत होता, ‘ताई, तुमची गाडी अंड्यावर बसली काय?’”

“मग तुम्ही काय म्हणायच्या?”

“काय म्हणणार? ट्रकात चढत होती.” मग म्हणाल्या, “एकदा मले त्याच्या दारात या गाडीतून उतरायचं आहे. बस. मंग तो विचारू दे काय विचारायचं थे.”

घराण्याच्या शेवटच्या ड्रायव्हरने कधीतरी कार्बोरेटर उघडला होता आणि तो पुन्हा बसवायच्या आधी नोकरी सोडली होती. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यात होते. मी ते कापडावर मांडले. वाटी होती, जेट होते, स्प्रिंगा होत्या. फ्लोट नव्हता. शेड झाडलं, माळा पाहिला, गाडीच्या सीटखाली हात घातला. जुन्या गाडीचा फ्लोट बाजारात मिळत नाही. त्याच्याशिवाय कार्बोरेटर म्हणजे भोक पडलेली घागर.

मी मालतीबाईंना त्याचं वर्णन करून सांगितलं. मुठीत मावेल अशी पोकळ पितळी डबी, वर वाकडी दांडी. त्यांचा चेहरा बदलला.

“दांडी फण्यावानी?”

“तशीच म्हणा.”

त्या मला देवघरात घेऊन गेल्या. अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मध्ये, गंध-फूल वाहिलेला, फ्लोट विराजमान होता.

“हे तं सासूबाईच्या वेळचे नागोबा आहेत,” त्या हळूच म्हणाल्या.

उलगडा सोपा होता. कुठल्यातरी दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंना तो डब्याबाहेर सापडला असणार. पितळेची, फणा काढल्यासारखी वस्तू. ती देवघरातूनच खाली पडली असणार, असं वाटून त्यांनी तिला जागेवर ठेवलं. आणि देवघरात एकदा गेलेल्या वस्तूची कोणी चौकशी करत नाही. नागपंचमीला त्याला दूध मिळायचं. दिवाळीआधी सगळ्या देवांबरोबर चिंच आणि राखेने घासला जायचा.

“बाई, हे नागोबा पेट्रोलमध्ये पोहतात,” मी म्हटलं.

मालतीबाईंनी त्याला नमस्कार केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “इतके दिवस बिचाऱ्याले दूध पाजलं. काहून बोलले नाई देव जाणे.”

फ्लोटला भोक आहे का ते पाहायची रीत अशी: कढत पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापते आणि भोक असेल तिथून बुडबुडे येतात. आमचे नागोबा पाण्यात उतरले आणि सर्वांगाने बुडबुडले. इतक्या दिवाळ्यांच्या चिंचेने पितळ कांद्याच्या पापुद्र्याएवढं उरलं होतं. कथिलाचा डाग द्यायला गेलो तर डागाच्या शेजारी नवं भोक पडे. भक्तीने झिजलेल्या वस्तूची दुरुस्ती होत नाही, असं म्हणून मी तो परत देवघरात पाठवला. तिथे भोकांनी काही अडत नाही.

आता नवा फ्लोट हवा. पण पितळेच्या बाबतीत भंडाऱ्याच्या माणसाने हातपाय गाळावेत असं गावावर अजून आलेलं नाही. मी माझा जुना दोस्त मधू कासार याच्याकडे गेलो. त्याचे वाडवडील पितळेची भांडी घडवत, तोही घडवतो. नमुना म्हणून नागोबांना देवघरातून पुन्हा मागून आणलं होतं, ते दाखवले. त्याने तो फ्लोट नखाने वाजवला आणि त्याला दया आली.

“हे काय भांडं आहे बाप्पा? मी देतो असं, का तुझे नातू वापरतील.”

“मधू, याले तरंगलं पाह्यजे.”

“माह्या घागरी वैनगंगेत तरंगतात. हे एवढंसं नाई तरंगन काय?”

दोन दिवसांनी त्याने फ्लोट आणून दिला. तसा फ्लोट विलायतेतही कोणी केला नसेल. अंगठ्याने दाबला तर अंगठा दुखला. बाजूला ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत ‘सौ. मालतीबाई, भंडारा’ असं कोरलेलं. आमच्याकडे नाव न टाकता भांडं दुकानाबाहेर पडत नाही. मालतीबाईंच्या अंगणात घंगाळभर पाणी आणलं. मधूने फ्लोट सोडला. तो बुडाला, वर आला आणि डोकं बाहेर काढून राहिला. मधूने टाळी वाजवली. मीही वाजवली. मालतीबाईंनी साखर वाटली.

मी फ्लोट बसवला, पेट्रोल सोडलं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलचा झरा वाहू लागला. इंजिनावरून, चाकावरून, माझ्या चपलेवरून. उघडून पाहिलं तर फ्लोट वाटीच्या तळाशी आसन मांडून बसलेला.

मधू म्हणाला, “पाण्यात तं तरंगला ना!”

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे पाण्यात जेमतेम डोकं बाहेर काढणारी वस्तू पेट्रोलमध्ये सरळ तळ गाठते. हे मी शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं. परीक्षेत घंगाळ नव्हतं, एवढाच फरक.

“मधू, पातळ पत्र्याचा कर. एकदम हलका.”

मधूने तो जाड फ्लोट पुसून खिशात ठेवला. त्याचं दुःख मला कळत होतं. पितळेचं भांडं वजनावर विकलं जातं. लग्नात दिलेली घागर पाहुणे आधी उचलून पाहतात, मग तिच्याकडे पाहतात. हलकं भांडं देणारा कासार म्हणजे पाणी घालणारा गवळी.

“माह्या हातून हलकं होत नाई,” तो म्हणाला. “हात ऐकत नाई.”

“भाऊबीज आली, मधूभाऊ,” मालतीबाई म्हणाल्या. “नाई तं माही गाडी तिकडं लॉनवर फोटोले उभी राहीन.”

त्याने एक अट घातली: हा फ्लोट कोणी केला ते गावात सांगायचं नाही. (हे तो वाचणार नाही, दिवाळी अंक त्याला हलके वाटतात.) पहिले दोन त्याने हाताच्या सवयीने पुन्हा जाडच केले. तिसरा त्याने तोंड फिरवून ठोकला असावा, कारण तो जमला. माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, “घे. हे भांडं नाई, पापड आहे.”

मालतीबाईंना त्यावरही नाव हवं होतं. मधूने कानाला हात लावले. “बाई, एक ठिपका मारला का भोक पडते. बिननावाचाच राहू द्या.” त्याच्या दुकानातून बिननावाची बाहेर पडलेली ती पहिलीच वस्तू. पेट्रोल भरलेल्या वाटीत ती अशी तरंगली, की मधूला लाज वाटली आणि मला आनंद झाला.

राहिलं जेटिंग. जेट साफ करायला तार घालू नये, फुंकर घालावी, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं. त्या ड्रायव्हरने बहुधा छत्रीची काडी घातली होती. मी भोक कथिलाने बुजवलं आणि केसासारख्या बारीक ड्रिलने नवं पाडलं. जवळच्या वरठी स्टेशनापर्यंत चक्कर मारली. तिथल्या कारखान्यातून सुटलेले लोक मोटारसायकलींवरून आम्हाला मागे टाकताना सहानुभूतीने पाहत होते. प्लग पांढरा निघाला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासून आणि तांदळापासून काढलेलं इथेनॉल असतं. त्याने गाडीचं पोट लवकर भरत नाही, थोडं जास्त वाढावं लागतं. धानाच्या मुलखात याचं नवल वाटायला नको होतं. भोक किंचित वाढवलं, पुन्हा वरठी. प्लग काळपट. कथिल, ड्रिल, पुन्हा वरठी. शेवटी स्टेशनाबाहेर प्लग काढला तर अस्सल बिस्किटी. मी चहा प्यायलो.

भाऊबीजेला सकाळी निघालो. मालतीबाई मागच्या सीटवर, मधोमध, नऊवारीत, मांडीवर ओवाळणीचं ताट. मागून विलासराव त्यांच्या लांबलचक नव्या गाडीत. त्यांनी डिकीत कोरा करकरीत नायलॉनचा दोर घेतला होता. पिंडाजवळ कावळा बसावा तसे ते ठराविक अंतर राखून येत होते.

अड्याळ गेलं, पवनी गेली, वैनगंगेचा पूलही गाडीने न खोकता ओलांडला. मी आत्म्याबद्दलचं माझं वाक्य मालतीबाईंना ऐकवणार होतो, तेवढ्यात पुलाच्या पलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

“झालं!” विलासराव दोर घेऊन धावत आले. आनंद लपवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. “उतर आई, माझ्या गाडीत बस.”

“मी नाई उतरत.”

“अगं, बंद पडली ती.”

“पडू दे. माहेरच्या रस्त्यावर मी या गाडीतून फक्त शंकरच्या दारात उतरीन. मिस्त्री, तुमी काय पाहून राहिले? लागा.”

मी बॉनेट उघडलं. इथेनॉलने टाकीतला जुना गंज सुटला होता आणि त्याचा एक कण थेट जेटमध्ये येऊन बसला होता. जेट काढला, ओठांत धरला, फुंकलं. पेट्रोलची चव सांगण्यासारखी नसते. इथेनॉल आल्यापासून किंचित सुधारली आहे. पहिल्या फुंकरीला कण हलला नाही. दुसरीलाही नाही. तेवढ्यात विलासरावांनी त्यांची गाडी पुढे घेतली आणि दोर दोन्ही गाड्यांना बांधूनही टाकला. एरवी ते बुटाची नाडी बांधायला खाली बसतात तेव्हाही कोणीतरी पाहावं लागतं. त्या दिवशी मात्र हात झपाट्याने चालले.

तिसऱ्या फुंकरीला कण उडाला. जेट बसवला, चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि लागलं.

“दोर सोड, विलास,” मालतीबाई म्हणाल्या.

“आई, टोचन लागलं होतं. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर...”

“ओढलं का?”

“ओढलं नाही, पण...”

“मंग कायचं टोचन? गळ्यात दोर बांधला म्हणून बैल विकला जाते का? मिस्त्री, साक्षीदार तुमी आहा. बोला.”

मी म्हटलं, चाक फिरलं नाही तर टोचन झालं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण साक्षीदाराने ठामपणे सांगितलं की तो असतो.

आता दोर सुटेना. विलासरावांनी घातलेली गाठ त्यांनाच उमगेना. इंजिन चालू, मुहूर्त चालू आणि दोन्ही गाड्या एकमेकींना बांधलेल्या. शेवटी मालतीबाईंनी कमरेच्या बटव्यातून अडकित्ता काढून दिला. सुपारी कातरावी तसा मी तो नायलॉनचा दोर धागा धागा कातरला. विलासराव बाजूला उभे राहून पाहत होते.

लाखांदूरला शंकरराव धोतर सावरत दारात उभेच होते. हॉर्न ऐकून अर्धं गाव गोळा झालं. मी उतरून मागचं दार उघडलं. मालतीबाई उतरल्या, सावकाश, एकेक पाय ठेवत, पुन्हा ही संधी नाही अशा बेताने. शंकररावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, “ताई, दिलं वाटते अंडं!”

“दिलं. आता तू बस पाटावर.”

ओवाळून झाल्यावर विलासरावांनी जमलेल्या लोकांसमोर छोटंसं भाषण केलं. आपला वारसा आपणच जपला पाहिजे, असा त्यांचा पहिल्यापासून आग्रह होता, असं त्यात निघालं. आईने विचारलं, “ठेवली मंग?” मामा, मामी आणि अर्धं गाव ऐकत होतं. “ठेवली, आई,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या; तोंडात पेट्रोलची चव अजून होती.

मुक्काम तिथेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी धुतली, पुसली, काचा चमकवल्या. कपडे बदलले. मागचं दार उघडून, हात बांधून उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या कामात एखाद्या गाडीपुढे मी असा उभा राहिलो नव्हतो. मालतीबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, गाडीवरून हात फिरवला आणि पुढे चालू लागल्या.

“बाई, गाडी इकडं आहे.”

“पाह्यली ना. तुमी व्हा पुढं, मिस्त्री. शंकरनं नवे तांदूळ दिले, ते सीटवर टाका. मी एस.टी.नं येते.”

“काहून बाई? काही चुकलं का?”

“नाई हो. गाडी एकदम बढिया आहे. पण मागं लय धक्के बसतात, अन् वास येते. आणि पंचाहत्तरीनंतर एस.टी.ले तिकीट लागत नाई.”

मी तांदळाची पोती मागच्या सीटवर मधोमध ठेवली आणि निघालो. अड्याळच्या अलीकडे एस.टी.ने मला ओव्हरटेक केलं. बाईंना खिडकी मिळाली होती.